कोपराखालचं बोट

रस्सीखेचीच्या जागतिक महासंघात बावीस देश होते, आणि गड्यांचं वजन करायचा अधिकृत काटा मात्र एकच. तो गेली एकोणतीस वर्षं वजनमास्तरांच्या ताब्यात होता. मास्तरांचं खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. गड्यांपासून अध्यक्षीणबाईंपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. बावीस देशांचा कारभार तीन खोल्यांतून चाले. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता, त्यामुळे बैठकीत एखादा गंभीर ठराव वाचला जात असताना मधूनच खालून कुणाची तरी किंकाळी वर येई. नवे पाहुणे दचकत. जुन्यांना ती ऐकूही येत नसे.

काम तसं साधं. दोरीच्या एका टोकाला आठ गडी, दुसऱ्या टोकाला आठ. आठांचं मिळून वजन गटाच्या मर्यादेत हवं. सगळ्यांत मोठा गट सहाशे चाळीस किलोंचा. स्पर्धेच्या सकाळी गडी उपाशीपोटी रांगेनं येत, अनवाणी काट्यावर चढत. मास्तर आकडा वाचत, शेजारी बसलेला लेखनिक लिहून घेई, आणि उतरणाऱ्याच्या पोटरीवर निळा शिक्का बसे. शिक्का नसेल तर दोरीला हात लावायचा नाही.

वजन चालू असताना मास्तर आकड्याखेरीज एक अक्षर बोलत नसत. बोललं की माणूस हसतो, हसला की हलतो, आणि हलला की आकडा नाचतो, असं ते म्हणत. जड माणसाला हलकं करायच्या साऱ्या युक्त्या त्यांना तोंडपाठ होत्या. कुणी भिंतीला खांदा टेकवी, कुणी पायाचा अंगठा हळूच काट्याबाहेर काढी. सगळ्यांत जुनी आणि पकडायला सगळ्यांत अवघड युक्ती म्हणजे कोपराखालचं बोट. गडी काट्यावर उभा असतो. मागे त्याचा प्रशिक्षक उभा असतो. तो गड्याच्या कोपराखाली नुसतं एक बोट लावतो. बघणाऱ्याला वाटावं, धीर देतोय. पण कसलेलं बोट किलोभर सहज उचलून धरतं. महासंघाच्या नियमांत या एका गोष्टीला माफी नव्हती. बोट लावणाऱ्याला जन्मभर खेळाबाहेर काढत.

मास्तरांची लेक आधी ट्रकांच्या वजनकाट्यावर नोकरीला होती. तिथलं सोडून ती दोन वर्षांपूर्वी बापाच्या हाताखाली आली. "ट्रक बरे हो बाबा," ती म्हणायची, "ते निदान पोट आत ओढून घेत नाहीत." मास्तर यंदा निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी तिची नेमणूक व्हायची होती. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो सहावा विषय होता. चौथा विषय होता लोहाराच्या शिक्षेचा.

हा लोहार महासंघाच्या कार्यालयापासून पाच तासांच्या बसवर राहणारा. वडिलांनी गावात रस्सीखेचीचा संघ काढला, तो यानं पुढे चालवला. धाकटा भाऊ संघातला शेवटचा गडी, म्हणजे दोरीचं टोक खांद्यावरून घेऊन पाय रोवून उभा राहणारा, सगळ्यांत वजनदार. तीस वर्षांत पहिल्यांदा हा संघ जागतिक स्पर्धेत आला, ती मागच्या वर्षीची स्पर्धा.

त्या सकाळी काटा एका क्रीडागृहाच्या कपडे बदलायच्या खोलीत मांडला होता. खाली फरशी. एक फरशी खचलेली, त्यामुळे काटा डुगडुगायला लागला. दाराबाहेर चाळीस माणसं उपाशी, उघड्या पायांनी, थंडीनं कुडकुडत उभी. मास्तरांनी लेकीला शेजारच्या व्यायामशाळेतून रबराची चटई आणायला सांगितली. चटई काट्याखाली सारली, काटा गप्प बसला. मग रिवाजाप्रमाणे वजनं ठेवून त्यांनी तो पुन्हा तपासला. आकडा चोख आला. वहीत नोंद झाली, खाली बापलेकीच्या सह्या झाल्या.

लोहाराच्या संघात पाच गडी शेलाटे होते आणि तिघे आडदांड. बाकीच्या संघांत सगळे एकसारखे, ऐंशीच्या आसपासचे. लोहार प्रत्येक गड्याच्या मागे हातभर अंतरावर टॉवेल घेऊन उभा राही, कारण उपाशी माणसाला उतरताना भोवळ येते. आठांची बेरीज झाली सहाशे एकोणचाळीस किलो सातशे ग्रॅम. लोहार शांतपणे म्हणाला, तीनशे ग्रॅम उरले, मास्तर, एक बशी चहा चालला असता. मास्तर हसले नाहीत, पण मनात त्यांना ते आवडलं होतं.

पुढे पडताळणी. दर सकाळी एका संघाची चिठ्ठी निघे आणि त्या संघाचं डॉक्टरांच्या खोलीतल्या काट्यावर लगेच पुन्हा वजन होई, पाण्याचा घोटही न पिता. चिठ्ठी लोहाराच्या संघाची निघाली. बेरीज झाली सहाशे बेचाळीस किलो सहाशे. पहिल्या बेरजेपेक्षा जवळजवळ तीन किलो जास्त. शेलाट्या पाचांचे आकडे तंतोतंत जुळत होते. फरक होता तो फक्त तिघा जडांच्या आकड्यांत, प्रत्येकी किलोभराचा.

मग कुणालाच विचार करावा लागला नाही. बरोबर तिघा जडांचं वजन कमी भरतं आणि मागे प्रशिक्षक उभा असतो, तर याचा अर्थ एकच. दोरीला हातही न लावता संघ परत गेला. महिनाभरानं चौकशी झाली. समितीनं मास्तरांना विचारलं, गड्यांच्या मागे कोण उभं होतं? लोहार, मास्तर म्हणाले. किती अंतरावर? हातभर. त्याचा हात तुम्हाला दिसत होता? माझी नजर आकड्यावर होती. यातला शब्दन् शब्द खरा होता. त्या खऱ्या शब्दांवरच लोहार बुडाला. जन्मभराची बंदी सुनावली गेली. फक्त ती वार्षिक सभेत कायम व्हायची बाकी होती.

सभेला दोन दिवस उरले होते, तेव्हाची गोष्ट.

कार्यालयाच्या मागच्या खोलीत काटा ठेवलेला असे. पुढच्या स्पर्धेआधी तो साफ करायचा म्हणून लेकीनं तो आडवा पाडला, आणि ओला फडका हातात धरून ती तशीच उकिडवी बसून राहिली. मास्तर खुर्चीवर चष्मा पुसत होते. तिनं हाक मारली नाही, म्हणूनच त्यांचं लक्ष गेलं. काटा चार रबरी पायांवर उभा असतो. त्याच्या पोटाला कधी काही लागत नाही, लागता कामा नये. पण पोटाच्या पत्र्यावर मधोमध काळे ओरखडे होते. बोटानं घासले की बोटाला काळं लागत होतं.

"चटई," लेक म्हणाली.

मास्तरांनी खालच्या दवाखान्याच्या दारातली पायपुसण्याची जाड रबरी चटई मागून आणली. दवाखान्यातली बाई म्हणाली, मास्तर, आता चटईचंही वजन करणार काय? एरवी त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. काटा चटईवर ठेवून त्यांनी वीस वीस किलोची चार लोखंडी वजनं चढवली. ऐंशी. मग कोपऱ्यातल्या पेटीतून पाचवं वजन काढलं. त्याची कडी केव्हाच तुटली होती, ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणावं लागलं. ते चढवलं, तर आकडा नव्याण्णववर जाऊन थांबला. वजनं उतरवून त्यांनी पुन्हा चढवली. पुन्हा नव्याण्णव. ओझं वाढलं की पाय चटईत रुतत होते, पोट खाली टेकत होतं आणि किलोभर वजन काट्याला न कळता परस्पर जमिनीत जात होतं. हलक्या माणसाला काही होत नव्हतं. जो जड, त्याचंच वजन काटा चोरत होता.

लोहारानं बोट लावलं नव्हतं.

मास्तर खुर्चीवर बसले. खरी गोष्ट तर अजून पुढेच होती, आणि ती दोघांनाही दिसत होती. नियम असा होता की काटा पाच वजनांनी तपासायचा, शंभरापर्यंत, कारण जड गडी शंभराच्या घरात जातो. सुरुवातीची काही वर्षं मास्तरांनी पाचही वजनं नेली. मग पाचव्याची कडी तुटली, ते उचलताना एकदा पाठीत उसण भरली, आणि त्यांनी ते पेटीतच ठेवलं. ऐंशीला जो बरोबर तो शंभरालाही बरोबर, असं त्यांनी स्वतःला समजावलं. वहीत मात्र ते पाचच लिहीत आले. दर वर्षी. मागच्या वर्षी वही लेकीच्या हातात होती. तिनं पेन थांबवून विचारलं होतं, चार ठेवलीत ना बाबा, चार लिहू? ते म्हणाले होते, पाच लिही, तसाच रिवाज आहे. तिनं पाच लिहिलं.

त्या दिवशी पाचवं वजन बरोबर असतं आणि ते काट्यावर ठेवलं असतं, तर चोरी तिथेच उघडी पडली असती. लोहाराला तेव्हाच कळलं असतं की आपण मर्यादेपेक्षा अडीच किलोंवर जास्त आहोत. वजनाची वेळ संपायला अजून तासभर होता. गड्यांना घोंगड्यात गुंडाळून मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या असत्या की घामावाटे तीन किलो गेले असते. हे दर स्पर्धेत कुणी ना कुणी करतंच.

दुसऱ्या दिवशी मास्तर लेकीला म्हणाले, मी सभेत चटईचं सांगणार आहे. चटई आणायला मी सांगितलं, चूक माझी, मी तसाही निवृत्तच होतोय. लोहार सुटेल. तुझं नाव त्यात येत नाही.

"आणि वही?" लेकीनं विचारलं.

ते म्हणाले, वही कोण बघतंय. लेक यावर काहीच बोलली नाही. तिनं नोकरी सोडली तेव्हा नवऱ्याशी महिनाभर वाद झाला होता; घराचा अर्धा भार या नेमणुकीवर होता. मास्तरांना हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी हा मार्ग काढला होता. तिचं गप्प बसणं हाच त्यांनी होकार मानला.

सभेच्या दिवशी मोठ्या खोलीत लांब टेबलाभोवती बावीस देशांचे प्रतिनिधी बसले. टोकाला अध्यक्षीणबाई. त्या तरुणपणी स्वतः दोरी ओढायच्या. अजून त्यांचे तळहात पाटीसारखे कडक होते. शेजारी महासंघाचा वकील, पुढ्यात कागदांचे तीन गठ्ठे. लोहार दाराजवळच्या खुर्चीवर एकटाच बसला होता. त्याच्याबरोबर कुणी आलं नव्हतं. वर्षभरात तो निम्मा झाला होता, सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता.

चौथा विषय निघाला तेव्हा मास्तर उठले. काटा, चटई आणि वजनं त्यांनी आधीच आणून ठेवली होती. त्यांनी चटईचं सांगितलं आणि सगळ्यांसमोर चार वजनं ठेवून दाखवली, मग पाचवं. बावीस माणसं खुर्च्या सरकवून आकडा बघायला वाकली. एका लठ्ठ प्रतिनिधीला राहवलं नाही, तो बूट काढून स्वतःच काट्यावर चढला; चटईवर एकदा, फरशीवर एकदा. फरक पाहून तो म्हणाला, ही चटई मला घरी द्या. थोडं हसणं झालं. लोहार हसला नाही. तो उठून उभा राहिला होता आणि आकड्याकडे टक लावून पाहत होता.

मग वकील बोलला. वाईट माणूस नव्हता. कागदाला धरून चालणारा होता. त्याचं म्हणणं असं की, मास्तरांनी इथे दाखवलं ते खरं असेल. पण त्या सकाळची वही माझ्यासमोर आहे. चटई घातल्यानंतर काटा पाच वजनांनी तपासला आणि बरोबर आढळला, असं तीत स्वच्छ लिहिलंय. पाच वजनं म्हणजे शंभर किलो. शंभराला काटा बरोबर होता, तर त्या दिवशीच्या चटईनं काही चोरलं नव्हतं. मग आजचा प्रयोग आजच्या चटईचा झाला. मास्तर दयाळू आहेत, जाता जाता एका माणसाला वाचवू पाहतात, एवढाच त्याचा अर्थ.

खोलीत चुळबुळ झाली. दोघातिघांनी माना डोलावल्या. मास्तर उभेच होते. आता एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोललं की लेकीची सही त्यांच्याबरोबर मातीत जाणार होती. त्यांनी अध्यक्षीणबाईंकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. दाराकडे पाहायचं धैर्य त्यांना झालं नाही. खालून दवाखान्यातून कुणीतरी ओरडलं आणि गप्प झालं.

भिंतीला टेकून बसलेली लेक उठली.

"वहीतलं अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "चार ठेवली होती. पाच लिहिलं. मी लिहिलं."

वकिलानं चष्मा काढला. तेव्हा कुठे मास्तर बोलले. ते म्हणाले, तिला मी लिहायला सांगितलं. ती चार लिहीत होती. आणि नुसतं मागच्या वर्षीचं नाही. पहिली काही वर्षं सोडली तर त्या वहीत जिथे जिथे पाच आहे, तिथे तिथे चार समजा.

यानंतर कुणी हसलं नाही. अध्यक्षीणबाईंनी कडक तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि सावकाश एकेक विषय निकालात काढला. लोहारावरची बंदी रद्द. गेलेली स्पर्धा गेली. संघ खरोखरच जड होता, त्याला नियमानं काही परत देता येत नाही. मास्तरांचं नाव अधिकाऱ्यांच्या यादीतून काढायचं. निरोपाचा कार्यक्रम होणार नाही. जुन्या नोंदी तपासायला तिघांची समिती. सहावा विषय, नेमणुकीचा, त्या म्हणाल्या, मागे घेतला आहे. लेकीनं मान हलवली, जणू कुणी तिला बसची वेळ सांगितली होती.

बाहेर जिन्यात लोहार वाट पाहत उभा होता. मास्तरांना वाटलं, हा आता शिव्या घालेल, घालू दे. किंवा हात हातात घेईल. त्याची त्यांना जास्त भीती वाटली. लोहारानं दोन्हीतलं काहीच केलं नाही. त्यानं त्यांना गेल्या वर्षाची हकीकत सांगितली, अगदी सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाची असावी तशी. तिघा जडांपैकी प्रत्येकाला एवढंच ठाऊक होतं, की आपल्या कोपराला बोट लागलं नाही. दुसऱ्याच्या कोपराची खात्री कोण देणार? तिघेही एकमेकांकडे संशयानं बघायला लागले, आणि तिघेही मिळून लोहाराकडे. संघ मोडला. सख्खा भाऊ भट्टीवर यायचा बंद झाला. वडील अंथरुणावर होते.

"दोन महिने झाले त्यांना जाऊन," लोहार म्हणाला. "मला लबाड समजून गेले. त्यांना आता कुठल्या काट्यावर उभं करू, मास्तर?"

उत्तरासाठी तो थांबला नाही. लोहार म्हणाला, महासंघाचा कागद येईल तेव्हा येईल. माझ्या गावात कागद कुणी वाचत नाही. तुम्ही या. माझ्या गड्यांसमोर उभे राहा, आणि आत सांगितलंत ते सगळं सांगा. वजनांचं आणि वहीचंही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तिघं निघाले. लेकीला कुणी बोलावलं नव्हतं. ती स्टँडवर आधीच येऊन उभी होती. मास्तर म्हणाले, तू कशाला? ती म्हणाली, अक्षर माझं आहे ना. पाच तासांत लोहार एकदाच बोलला, तेही खिडकी बंद करायला. लेकीनं आणलेले डबे कुणी उघडले नाहीत.

भट्टीच्या मागे मोकळी जागा होती. जमिनीत पाय रोवून रोवून पडलेले दोन ओळींचे खड्डे आता अर्धे बुजले होते. भट्टीवरच्या पोऱ्यानं निरोप दिला तसे दुपारपर्यंत गडी एकेक करून आले. कुणी सायकलवर, कुणी कामाच्या कपड्यांत, एकाच्या हाताला अजून सिमेंट होतं. आठांपैकी सात आले आणि लांब लांब उभे राहिले. आठवा, धाकटा भाऊ, सगळ्यांत शेवटी आला आणि कुंपणाला टेकला, आत आला नाही.

मास्तरांनी सांगितलं. आयुष्यभर त्यांनी लोकांसमोर फक्त आकडे वाचले होते. वाक्यं त्यांना जड जात होती. मध्ये थांबले तिथे लेकीनं दुवा जोडला. चार वजनं ठेवली, हे तिनं सांगितलं. पाच लिहिलं, हेही. सिमेंटवाल्या गड्यानं विचारलं, म्हणजे माझं वजन खरं शंभर होतं? होतं, मास्तर म्हणाले. तो आपल्या दुसऱ्या जड सोबत्याकडे वळला आणि म्हणाला, "तुझ्या कोपराला..." दुसरा म्हणाला, "मी वर्षभर तेच सांगतोय ना रे तुला." आणि त्यानं तोंड फिरवलं.

घराच्या मागच्या दारातून लोहाराची आई बाहेर आली. तिला कमी ऐकू येत असे. ती मास्तरांच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, छातीइतक्या उंचीवरून त्यांच्या तोंडाकडे बघत.

"माझ्या पोरानं बोट लावलं होतं की नव्हतं?"

"नव्हतं."

"मग ह्याच्या बापाला कुणी सांगितलं लावलं म्हणून?"

मास्तर म्हणाले, मी नाही म्हणालो तसं. मग थांबले. हे वाक्य चौकशीतल्या त्यांच्या उत्तरांसारखंच होतं, शब्दन् शब्द खरं. त्यांनी ते मागे घेतलं.

"माझ्यामुळे त्यांना तसं वाटलं," ते म्हणाले. "माझ्या खोट्या वहीमुळे."

म्हातारीनं सांगितलं की नवरा जाण्याआधी लोहार खोलीत गेला, तर बापानं भिंतीकडे तोंड केलं. तिनं हातानं त्याची मान वळवून पाहिली, पण वळली नाही. एवढं सांगून तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि मग तिचा आवाज एकदम व्यवहारी झाला.

"इथे हळू बोलून काय उपयोग? शेजाऱ्यांनी तेव्हा मोठ्यानं ऐकलं होतं. आताही ऐकू दे. तिकडे रस्त्याकडे तोंड करा."

मास्तर वळले. गळा साफ केला. लेक त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. या वेळी ते थांबले नाहीत. चटई, चार वजनं, पाच लिहिलेलं, कोपराला न लागलेलं बोट. सगळं त्यांनी एका दमात, आयुष्यात कधी काढला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. पाण्याची बादली घेऊन चाललेली एक बाई बादली खाली ठेवून उभी राहिली. कुंपणापाशी टेकलेला धाकटा भाऊ फाटक उघडून आत आला आणि लोहाराच्या बाजूला, हातभर अंतरावर, उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मास्तरांचं बोलणं संपलं. म्हातारीनं पाहिलं, की वरच्या आळीतली माणसं आता कुठे पोचत होती.

"यांनी ऐकलं नाही," ती म्हणाली. "परत सांगा."